कडीवरचा आकडा आणि तिरका दोर

प्रश्न : एका मोठ्या लेथचा हेडस्टॉक (स्पिंडल, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, बसवलेला भाग) दुरुस्तीसाठी उतरवायचा आहे. वजन १८०० किलो. त्यावर एम २० चे (२० मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचे) दोन आयबोल्ट, म्हणजे उचलण्यासाठी डोक्याला कडी असलेले बोल्ट, आहेत आणि दोन्हींवर १.२ टनाचा शिक्का आहे. म्हणजे २४०० किलो झाले, माझ्या मते भरपूर. पण जड सामान उचलणारे आमचे जुने खलाशी हात लावायला तयार नाहीत. म्हणतात, "दोर फार फाकलेत." दोन बोल्टांमध्ये १४०० मिलिमीटर अंतर आहे. शेड बुटकी असल्यामुळे क्रेनचा हूक बोल्टांच्या वर जेमतेम ७०० मिलिमीटर जातो. कोणाचं ऐकू?

उत्तर : खलाशांचं. त्यांनी कागद-पेन्सिल न घेता जे सांगितलं, तेच आपण हिशेबाने पाहू.

१.२ टन हा आकडा खोटा नाही, पण तो दोर ओळंब्यात असतानाचा आहे. तुमचा हूक ७०० वर आणि बोल्ट मध्यापासून ७००-७०० वर, म्हणजे प्रत्येक दोर उभ्या रेषेपासून ४५ अंश कललेला. एका दोराच्या वाट्याला ९०० किलो वजन, पण तिरका असल्यामुळे त्यातली ओढ ९०० भागिले ०.७०७ (४५ अंशांचा कोसाइन), म्हणजे १२७३ किलो. शिक्क्याचा आकडा इथेच ओलांडला. शिवाय ही ओढ बोल्टला नुसतं वर खेचत नाही, मानेत वाकवतेही. म्हणून डीआयएन ५८० (आयबोल्टचं जर्मन मानक) प्रकारच्या बोल्टांना ४५ अंशांत सरळ उचलीच्या साधारण ७० टक्केच भार देतात आणि त्यापलीकडे दोर कलू देत नाहीत. दोन्ही बोल्ट मिळून १७०० किलोच्या आसपास. तुमचं वजन १८००. काही उत्पादक तर ४५ अंशांना ३० टक्क्यांवर येतात, तेव्हा टक्केवारी माझी धरू नका, तुमच्या बोल्टच्या तक्त्यातली धरा. आणि हे सगळं कॉलरवाल्या, म्हणजे कडीखाली पृष्ठभागावर टेकणारी रुंद चकती असलेल्या, बोल्टचं. बिनकॉलरचा असेल तर तो फक्त सरळ उचलीसाठी, तिरका अजिबात नाही.

उंची मिळत असती तर लांब स्लिंग (उचलीचा दोर) लावा म्हटलं असतं. दोराची लांबी बोल्टांमधल्या अंतराएवढी झाली की कल ३० अंशांवर येतो आणि ओढ १०३९ वर उतरते. तुमच्याकडे तेवढी उंची नाही, म्हणून लिफ्टिंग बीम, म्हणजे उचलीसाठीची आडवी तुळई, घ्या. मधल्या कडीत हूक, दोन टोकांना शॅकल (पिन लावून बंद होणारी यू आकाराची कडी), खाली आखूड दोर सरळ ओळंब्यात. फक्त बीमवर त्याची क्षमता लिहिलेली हवी. कोपऱ्यात पडलेला गर्डर उचलून आणू नका.

आता मला तुमच्या पत्रात न दिसलेली गोष्ट. हेडस्टॉकचं वजन मधोमध असतं कुठे? स्पिंडलच्या पुढच्या बाजूला चक (काम पकडणारा जबडा) लटकत असेल तर भारकेंद्र तिकडे सरकतं. ते एका बोल्टपासून एक तृतीयांश अंतरावर असेल तर त्या बोल्टवर १२०० आणि दुसऱ्यावर ६००. म्हणजे दोर सरळ असूनही एक बोल्ट काठावर. चक आधी उतरवा, मग हूक भारकेंद्राच्या वर येईल असा बीम लावा. दहा सेंटिमीटर उचलून थांबा आणि काय कलतंय ते बघा.

एकच दोर दोन्ही कड्यांतून ओवून हुकात अडकवायची सवय कोणाला असेल तर ती मोडा. तसं केलं की दोर दोन्ही कड्यांना आतल्या बाजूला, एकमेकींकडे ओढतो. प्रत्येक बोल्टला वेगळा दोर, वेगळं शॅकल.

प्रश्न : आयबोल्ट पूर्ण आवळल्यावर त्याची कडी दोराच्या आडवी राहते. थोडा उलटा फिरवला तर चालेल का?

उत्तर : नाही. उलटा फिरवला की कॉलर पृष्ठभागावरून उठते, आणि कॉलर टेकलेली नसेल तर कॉलर असून नसल्यासारखीच. कडी आडवी ठेवून ओढणंही तितकंच वाईट. उपाय पातळ शिमचा, म्हणजे पत्र्याच्या चकतीचा. एम २० चा पिच, म्हणजे एका फेरीत बोल्ट जेवढा आत जातो ते अंतर, २.५ मिलिमीटर, म्हणजे पाव फेरीला सव्वासहा दशांश. कॉलरखाली ०.६ ची शिम घातली की बोल्ट पाव फेरी आधी थांबतो आणि कडी दोराच्या रेषेत येते. शिमच हं, वॉशरची चळत नाही.

या चळतीवर मी बोलतो, कारण ती मी रचली आहे. उमेदवारीत (शिकाऊ कामगार) असताना एका जुन्या यंत्राचं झाकण उचलायचं होतं. भोक दिसायला एम २४ चं. बोल्ट घातला, चार-पाच फेरे खुळखुळत गेला आणि मग घट्ट झाला. कॉलरखाली बोटभर फट राहिली. मला वाटलं, भोक उथळ असेल. मी वॉशर भरले. भोक होतं एक इंची आट्यांचं. एम २४ चा पिच ३ मिलिमीटर, इंचाला आठ आट्यांचा ३.१७५. आटे नुसते शेंड्यांनी लागतात, प्रत्येक फेरीला थोडे चुकत जातात आणि शेवटी अडकतात. ते अडकणं मला आवळणं वाटलं. क्रेनने हिसका दिला, झाकण सुटून खालच्या लाकडी ओंडक्यांवर आदळलं. बोल्ट दोराला लोंबत होता, आट्यांत बिडाचा (ओतीव लोखंडाचा) भुसा भरलेला. उस्तादांनी तो हातात घेऊन कॉलरवर नख टेकवलं आणि विचारलं, "ही टेकली होती?" बास, एवढंच.

तेव्हापासून मी आटे पिच गेजने बघतो. बोल्ट हाताने शेवटपर्यंत जायला हवा, आणि पोलादात आट्यांची पकड निदान व्यासाच्या दीडपट हवी. एम २० ला ३० मिलिमीटर. बिडात त्याहून जास्त.

प्रश्न : पंप आणि मोटर एकाच बेसवर आहेत. मोटरच्या आयबोल्टने सगळा संच उचलता येईल?

उत्तर : तो बोल्ट मोटरपुरता. गिअरबॉक्सच्या झाकणावरचाही बहुधा झाकणापुरताच असतो. संच बेसच्या उचलबिंदूंवरून उचला.

प्रश्न : किंचित वाकलेला आयबोल्ट तापवून सरळ केला आहे. वापरू का?

उत्तर : नको. तापवल्यावर त्याच्या पोलादाचं काय झालं हे बाहेरून दिसत नाही, आणि शिक्का मात्र तसाच दिसतो. भंगारात टाकण्याआधी कडी हॅकसॉने कापा. नाहीतर रात्रपाळीला कोणाला तरी बोल्ट कमी पडेल आणि तो डब्यातून हाच उचलेल.