जुनी खुर्ची: सांधे, वेत आणि पॉलिश

जुन्या लाकडी खुर्च्यांविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : घरची जुनी सागवानी खुर्ची डुगडुगते. सांध्यांत फेविकॉल सोडला, मग खिळेही मारून घेतले. तरी काही महिन्यांत पुन्हा सैल झाली. – एक वाचक, सातारा

बाहेरून सोडलेला फेविकॉल बहुतेक सांध्याच्या तोंडाशीच राहतो. थोडा आत गेला तरी जुन्या सरसाच्या (सुतारी डिंकाच्या) थरावर बसतो, लाकडात मुरत नाही. मुळात सांधा सैल का होतो, ते पाहा. पावसाळ्यात कुसू, म्हणजे दांडीचं खाचेत बसणारं टोक, फुगतं, खाचेत जागा नसल्यानं त्याचे तंतू दबतात आणि उन्हाळ्यात आकसल्यावर ते पहिल्यापेक्षा बारीक झालेलं असतं. अशा सांध्यात खिळा मारला, की प्रत्येक हेलकाव्यासरशी खिळ्याचं भोक मोठं होतं आणि पुढेमागे कुसूच चिरतं. म्हणून सांधा उघडायलाच हवा.

आधी प्रत्येक भागावर मास्किंग टेप लावून खूण लिहा. चारही पाय दिसायला सारखे असले तरी एकाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. खिळ्याचं डोकं बुडालं असेल तर भोवतीचं लाकूड बारीक पटाशीनं जरासं कोरा आणि पक्कडीनं सरळ ओढा. मग मध्ये लाकडाचा तुकडा धरून मोगरीनं हलके ठोके द्या. हलतोय पण सुटत नाही, अशा सांध्यात सिरिंजनं गरम व्हिनेगर सोडून दहा-पंधरा मिनिटं थांबा. सरस आणि फेविकॉल दोन्ही त्यानं मऊ पडतात. पॉलिशवर ओघळ आला तर लगेच पुसा. जो सांधा अजून घट्ट आहे, त्याला हात लावू नका.

पुढची सफाई हेच खरं काम. कुसवावरचा आणि खाचेतला जुना थर जुन्या सुरीच्या धारेनं खरवडा. कानस फिरवू नका, कारण त्यानं लाकूडही जातं. शेवटी कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून दोन दिवस सावलीत वाळू द्या. कोरडं कुसू हातानं दाबल्यावर किंचित अडत आत जायला हवं. ढिलं असेल तर रंध्यानं काढलेली सागाची पातळ ढलपी त्याच्या गालांवर, म्हणजे सपाट बाजूंवर, चिकटवा, लाकडाच्या रेषा कुसवाच्याच दिशेनं ठेवा, आणि वाळल्यावर मापात आणा. भुसा आणि फेविकॉल कालवून पोकळी भरण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्या लगद्याला ताकद नसते. तो फक्त फट झाकतो.

आता कुसू आणि खाचेच्या भिंती, दोन्हींना फेविकॉलचा पातळ थर लावून जोडा. शिकंजा (आवळून धरणारा क्लॅम्प) नसेल तर पायांभोवती नायलॉनची दोरी दुहेरी गुंडाळा, दोन पदरांत काठी अडकवून पीळ द्या आणि काठी आडव्या दांडीला अडकवून ठेवा. कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवला नाही तर दोरीचे वळ उठतात. लगेच सुतळीनं बैठकीखाली पायांचे दोन्ही कर्ण मोजा. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेनं दाब द्या. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्यानं तेव्हाच पुसा, नाहीतर तिथे पॉलिश धरत नाही आणि फिकट डाग राहतो. चोवीस तास कुणी बसू नये.

प्रश्न : एक पाय आखूड वाटतो. बाकीचे तीन कापू का? – एक वाचक, अकोला

आत्ता नको. आधी खुर्ची सपाट कडाप्प्यावर ठेवून पाहा. अनेकदा दोष फरशीचा असतो. सांधे पक्के करून झाल्यावरही हलली तर ज्या पायाखाली फट आहे, तिथे बरोबर मापाची लाकडी चकती चिकटवा. कापलेलं परत जोडता येत नाही.

प्रश्न : वेताची बैठक खाली झोळली आहे. पूर्ण नवी विणावी लागेल का? – एक वाचक, चिपळूण

पट्ट्या तुटल्या नसतील तर नाही. खुर्ची उलटी करा आणि गरम पाण्यात भिजवलेलं फडकं बैठकीच्या खालच्या बाजूवर अर्धा तास ठेवा. वेताची वरची चकचकीत साल पाणी घेत नाही, म्हणून खालूनच भिजवायचं. मग सावलीत एक-दोन दिवस वाळू द्या. वाळताना वेत आवळतो. पूर्ण वाळेपर्यंत बसलात तर झोळ कायमचा होईल. खालच्या बाजूला कधी वॉर्निश लावू नका.

पट्ट्या तुटल्या असतील तर ठिगळ टिकत नाही. चौकटीला भोकं असतील तर विणकाम हाताचं. भोकं नसून कडेनं खाच असेल तर तयार जाळी बसवलेली आहे आणि ती बदलणं सोपं. हातविणीसाठी दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजा : १२-१३ मिमी असेल तर साधारण सव्वादोन मिमी रुंदीचा वेत, १६ मिमीला अडीच, १९ मिमीला तीन मिमी. एका वेळी लागतील तेवढ्याच पट्ट्या वीसेक मिनिटं भिजवा. क्रम असा : उभे धागे, त्यांवर आडवे, पुन्हा उभे, मग विणत घातलेले आडवे, शेवटी दोन तिरप्या ओळी. सुरुवातीच्या ओळी ताणून बसवू नका. पुढचा प्रत्येक धागा त्यांना ताणतच जातो, आणि आधीच कडक असल्या तर तिरप्या ओळी ओढताना पट्ट्या तुटतात.

प्रश्न : जुनं पॉलिश खरवडून काढावं का? – एक वाचक, बेळगाव

पॉलिश पेपर हातात घेण्याआधी बैठकीखाली, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. मिनिटभरात चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश आहे आणि खरवडायची गरज नाही. सौम्य साबणाच्या पिळलेल्या फडक्यानं मळ काढा, वाळू द्या आणि त्यावरच नवा हात द्या. जुना रंग, कडांची झीज, हातांना आलेली झाक ही त्या खुर्चीची शोभा आहे. कृपा करून ती घासून घालवू नका.

अर्ध्या लिटर स्पिरिटमध्ये ७५ ग्रॅम चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची लाख) रात्रभर विरघळवा आणि गाळून घ्या. कापसाचा बोळा जुन्या सुती कापडात बांधून पातळ, लांब हात मारा. एका जागी बोळा थांबला की खालचा थर उचलला जातो. दर दोन हातांमध्ये निदान तासभर द्या. पावसाळ्यात हे काम करू नका, हवेतली ओल थरात अडकून पॉलिश दुधाळ पडतं. लाख ताजी भिजवा : कित्येक महिने बाटलीत राहिलेलं मिश्रण नीट कडक होत नाही. काम करताना खिडक्या उघड्या आणि देवाजवळचा दिवा, गॅस बंद.