किणीचा मेसेज येतो, तासवड्याचा येत नाही

निवडणुकीचे वारे वाहू लागले की माझ्याकडं येणाऱ्या एका ठरावीक प्रकारच्या बायका वाढतात. आकडे काढून दाखवता येणार नाहीत, पण कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत समुपदेशनाला सतरा वर्षं बसल्यावर एवढं कळतं. राजकारणी घरातल्या या बायका. प्रश्न बहुतेक वेळा तोच : “ह्यांचं बाहेर आहे, मला माहीत आहे. तोंड उघडलं तर ह्यांचं राजकारण संपतंय, आणि घालवलं कुणी, तर मी. मग काय करायचं?”

उत्तर एका बाईंच्या गोष्टीतून देते. त्यांची परवानगी घेतली आहे. गाव, व्यवसाय, मुलांची वयं, सगळं बदललं आहे. टोलनाके तेवढे खरे ठेवलेत, कारण त्यांच्याशिवाय गोष्टच उभी राहत नाही.

सगळी पेठ त्यांना वहिनी म्हणते, मीही तेच म्हणते. यजमान २०१० आणि २०१५ असे दोन वेळा नगरसेवक. २०२० च्या नोव्हेंबरात मुदत संपली आणि महापालिकेवर प्रशासक बसला तो पाच वर्षं. सकाळी सातपासून ज्या घराच्या कट्ट्यावर नळाच्या तक्रारी घेऊन माणसं बसायची, तिथं आता पेपर टाकणारा सोडून कोणी थांबेना. “माजी” हा शब्द या माणसांना किती लागतो, हे घरातल्यांनाच माहीत. प्रकरण सुरू झालं ते याच रिकाम्या काळात. मी हे कारण म्हणून सांगत नाही. अशी रिकामी वर्षं पुष्कळांना येतात, सगळे काही फ्लॅट घेत नाहीत.

वहिनी पहिल्या दिवशी छत्री मांडीवर आडवी धरून बसल्या आणि म्हणाल्या, “मी दोन महिने नुसतं बघत होतो मॅडम. काय बोललो नाही.” (पुण्याकडच्या वाचकांसाठी : आमच्याकडं बायका अशाच बोलतात, मी आलो, मी जेवलो. टंकलेखनाची चूक नाही.)

बघत होत्या म्हणजे काय, तर मेसेज. गाडी त्यांच्या नावावर होती, म्हणून फास्टॅगचे मेसेज त्यांच्या फोनवर येत. वर्षानुवर्षं येत होते, कोण वाचतंय? एक दिवस साहेब गारगोटीला मीटिंगला म्हणून गेले आणि मेसेज आला किणी नाक्याचा. गारगोटी दक्षिणेला, किणी उत्तरेला. वाटलं, बेत बदलला असेल, पुण्याला निघाले असतील. पण मग कराडच्या पुढच्या तासवडे नाक्याचा मेसेज यायला हवा होता. तो आला नाही. चार तासांनी पुन्हा किणीचा. मग त्यांनी जुने मेसेज काढले. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा : किणी जाताना, किणी येताना, तासवडे कधीच नाही. “म्हणजे मधेच कुठंतरी,” वहिनी म्हणाल्या. “कराडच्या अलीकडं-पलीकडं.” बी.कॉम.ला खतावणी जुळवायची सवय होती, ती अशी कामाला आली. पुढं गाडीच्या कप्प्यात पीयूसीचा कागद शोधताना कराडच्या फ्लॅटची घरपट्टीची पावती सापडली.

सासूबाईंनी सांगितलं, राजकारणात असतंय हे. भावानं सांगितलं, इलेक्शन होऊ दे, मग बघू. “इलेक्शन होऊ दे” हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की आता चिडते. कोल्हापुरात इलेक्शन कधी होऊन जातं का हो? महापालिका झाली की झेडपी, झेडपी झाली की दूध संघाचे ठराव, मग कारखाना, मग बँक, बाजार समिती, आणि काहीच नसेल तर तालमीच्या मंडळाचा अध्यक्ष. त्या बाईनं गप्प बसायची मुदत कधी संपायची?

दुसऱ्या भेटीत मी कागद पुढं केला आणि विचारलं, हे किती जणांना माहीत आहे? “दोघांना. त्यांना आन् मला.” लिहायला लावलं. ड्रायव्हर. ड्रायव्हरची बायको. फ्लॅट दाखवणारा एजंट. दस्त करणारे वकील. इमारतीचा वॉचमन. ज्याच्या नावावर दुसरं सिमकार्ड काढलं तो मित्र. घरी फोन आला की “साहेब मीटिंगमध्ये आहेत” म्हणून सांगणारा कार्यकर्ता. ती स्वतः, तिची आई, तिचा भाऊ. स्वतः वहिनी. आणि अर्थातच साहेब. बारा नावं झाली. वहिनी कागदाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ड्रायव्हरला गेल्या दिवाळीला मोटरसायकल घेऊन दिली ह्यांनी.”

बाहेरचं प्रकरण राजकारण्याला असं पोखरतं. लोकांना वाटतं, एक दिवस बॉम्ब फुटतो, पेपरात फोटो येतो, राजीनामा. तसंही होतं, पण क्वचित. बहुतेक वेळा काहीच फुटत नाही. ज्यांना माहीत आहे ते एकेक करून वजनदार होत जातात. मोटरसायकल मागणारा ड्रायव्हर, गटारीचं टेंडर मागणारा मित्र. नेता सभेत हात वर करतो तेव्हा त्याचा हात कुणीतरी धरलेला असतो, आणि विरोधकांना हे वर्ष-सहा महिन्यांत कळतंच. ते लगेच वापरत नाहीत, जपून ठेवतात.

तिसऱ्या वेळी साहेब स्वतः आले. मी दोघांनाही एकच अट सांगते : एकाचं गुपित दुसऱ्यापासून लपवायला माझा खिसा नाही. त्यांना ती पटली नाही, पण बसले. पांढरा शर्ट, दोन फोन टेबलावर पालथे. म्हणाले, “मॅडम, हा काय गुन्हा आहे होय? सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की.”

सांगितलं आहे, खरं आहे. २७ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं भारतीय दंड संहितेचं व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं. नवीन न्याय संहितेतही हा गुन्हा नाही. पण हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण म्हणून तो अजून आहे, हे सांगितल्यावर त्यांनी एक फोन उचलून पुन्हा ठेवला. आणि तिकीट वाटणारे काही न्यायाधीश नसतात, त्यांना कलम लागत नाही.

मग अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आला. तो येतोच. “त्याचं काय झालं? राहिलाच की खुर्चीवर.” राहिला. पण डिसेंबर १९९८ मध्ये त्याच्यावर महाभियोग चालवायचं ठरलं तेव्हा आरोप संबंधांचा नव्हता, शपथेवर खोटं बोलल्याचा आणि न्यायात अडथळा आणल्याचा होता. सिनेटनं फेब्रुवारी १९९९ मध्ये सोडलं, ते मतं पुरेशी पडली नाहीत म्हणून. त्याच्याइतकं पाठबळ आपल्या मागं आहे का, हे साहेबांनीच ठरवायचं होतं. मी त्यांना ब्रिटनच्या जॉन प्रोफ्यूमोची गोष्ट सांगितली. युद्धमंत्री होता. १९६३ च्या मार्चमध्ये संसदेत उभा राहून म्हणाला, तसलं काही नाही. जूनमध्ये कबुली देऊन राजीनामा. प्रकरण त्याआधीच संपलेलं होतं. त्याला नडलं ते मार्चमधलं बोलणं. पुन्हा राजकारणात परतला नाही, लंडनच्या पूर्व भागातल्या एका सेवासंस्थेत उरलेलं आयुष्य काम करत राहिला. आणि आपल्याकडं नारायण दत्त तिवारी. २००९ च्या डिसेंबरात आंध्रच्या राजभवनाबाबत एका वाहिनीनं कथित चित्रफीत दाखवली, त्यांनी ती खोटी म्हणून सांगितलं, आणि राज्यपालपद सोडताना कारण दिलं प्रकृतीचं.

“प्रकृतीचं,” साहेब पुटपुटले. हे त्यांना लागलं. करिअर संपतं तेव्हा खरं कारण कागदावर येत नाही, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

त्याच बैठकीत ते एक वाक्य बोलून गेले : “तिला मी गप्प करतो, ती काळजी नको.” इथं मी माझा मऊ आवाज सोडला. प्रकरणाचा गुन्हा नसेल, धमकीचा असतो. आणि ती बाई माझ्याकडं कधी आली नाही, तिची बाजू मला माहीत नाही. या घरात तिला नावच नव्हतं, नुसतं “ती”. पण तिलाही कुणीतरी काहीतरी सांगून त्या फ्लॅटमध्ये आणलं असणार. बाई गप्प करायची वस्तू असते असं ज्याला वाटतं, तो घरात काय वेगळं करत असेल? वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

मग आरक्षणाची सोडत निघाली. चार सदस्यांचा प्रभाग, आणि साहेब ज्या जागेवर डोळा ठेवून पाच वर्षं बसले होते, ती महिलेसाठी गेली. संध्याकाळपर्यंत कार्यकर्त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं : वहिनी उभ्या. व्हॉट्सॲपवर फोटोही फिरला, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवातला, कापून काढलेला.

फॉर्म भरायच्या तयारीला दोघं वकिलांकडं गेले. पुढचं मला वहिनींनी सांगितलं. उमेदवाराच्या शपथपत्रात जोडीदाराची मालमत्ताही लिहावी लागते. वकिलांचा कारकून संगणकावर बसून विचारत होता, साहेबांच्या नावावर काय काय? साहेब सांगत गेले : पेठेतलं घर, लक्ष्मीपुरीतलं दुकान, गावाकडचे वीस गुंठे, गाडी वहिनींच्या नावावर. “बस, एवढंच.” कारकुनानं टाइप केलं, कागद काढला, पेन वहिनींच्या हातात दिलं. त्यावर लिहिलेलं होतं, वरील माहिती खरी आहे, काही लपवलेलं नाही.

“आन् कराडचा?” वहिनींनी विचारलं.

कारकून मान खाली घालून प्रिंटरकडं गेला. त्यालाही माहीत होतं. दस्त त्याच ऑफिसात झाला होता. तेरावं नाव.

वहिनींनी पेन टेबलावर ठेवलं. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. रिक्षानं एकट्या घरी आल्या. आठ दिवसांनी माझ्याकडं आल्या तेव्हा पहिलं वाक्य : “घालवलो बघा मी त्यांचं राजकारण.”

मी म्हटलं, थांबा, आधी साहेबांना बोलू द्या. कारण मधल्या आठ दिवसांत साहेब नेत्याकडं जाऊन आले होते, घरचे तयार नाहीत हे सांगायला. चहा आला. नेत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गड्या, वर्ष झालं माहीत हाय आम्हाला. किणीच्या पुढं कुठं उतरतोस तेबी. वहिनी तयार असत्या तरी नाव दुसरंच जाणार होतं. तुला सांगायचं कसं, एवढंच राहिलं होतं.”

साहेबांनी हे माझ्यासमोर, बायकोच्या शेजारी बसून सांगितलं. ते सोपं नसणार, एवढं श्रेय मी त्यांना देते. वहिनींनी पहिल्यांदाच त्यांच्याकडं वळून बघितलं. “वर्ष झालं?” “व्हय.” “म्हणजे मी फास्टॅग बघायच्या आधी?” “व्हय.” त्या जरा वेळानं म्हणाल्या, “आन् मी झोपत नव्हतो हितं, माझ्यामुळं जाईल म्हणून.”

तर ज्या बायका हा प्रश्न घेऊन येतात त्यांना मी हेच सांगते. बोलायचं की नाही, राहायचं की निघायचं, हे तुमच्या संसाराचे प्रश्न आहेत आणि ते अवघडच आहेत. घाईनं फेसबुकवर लिहू नका, कार्यकर्त्यांच्या बायकांजवळ बोलू नका, तुमचे कागद, दागिने, पासबुक कुठं आहे ते एकदा बघून ठेवा, आणि मारहाणीची भीती असेल तर समुपदेशन नंतर, आधी सुरक्षित जागा. कोरे कागद, बिनवाचलेली शपथपत्रं, यांवर सही करू नका, मग प्रचाराच्या गाड्या दारात उभ्या असल्या तरी. पण त्यांचं राजकारण सांभाळणं हे काम तुमच्या अंगावर घेऊ नका. ते कुणाकुणाच्या हातात गेलेलं आहे, याची यादी करून बघा. तुमचं नाव त्यात बहुधा शेवटचं असतं.

ती जागा दुसऱ्या एका बाईंनी लढवली. साहेब त्यांच्या प्रचाराला दोन दिवस फिरले आणि तिसऱ्या दिवशी ताप आला म्हणून घरी बसले. खरंच आला होता की नाही, मी विचारलं नाही. फ्लॅट विकायला काढला आहे म्हणतात. विकला गेल्याचा कागद वहिनींनी अजून पाहिलेला नाही, आणि तो पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही असं आमचं ठरलं आहे. दोघं तीन आठवड्यांतून एकदा येतात. एकत्र राहतील का, मला सांगता येत नाही. धाकट्या मुलानं बापाशी बोलणं बंद केलं आहे, सध्या तो विषय जास्त मोठा झाला आहे.

मागच्या खेपेला साहेब म्हणाले, फास्टॅगला माझा नंबर लावून घेतो, तुला उगीच त्रास. वहिनी छत्री उचलत होत्या.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “गाडी माझी हाय.”