माझ्याकडे एच६१ मदरबोर्डवर जुना कोअर आय५-२४०० प्रोसेसर आहे. त्याला ओव्हरक्लॉक करावं (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवावं) की प्रोसेसरच बदलावा?

तुमचा बोर्ड एच६१ आहे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचा नाद सोडा. प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर, आणि या बोर्डवर मल्टिप्लायर वाढवता येत नाही. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झचा असतो. तो वाढवला की साटा (हार्ड डिस्कची जोडणी) आणि पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डासारख्या कार्डांची जोडणी) यांचाही वेग हलतो. दोन-चार टक्क्यांच्या फायद्यासाठी हार्ड डिस्कवरचा डेटा धोक्यात घालू नका.

त्यापेक्षा वापरलेला आय७-२६०० किंवा ३७७० शोधा. कोअर चारच, पण थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आठ; व्हिडिओ एडिटिंगमध्ये फरक लगेच जाणवतो. इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर झिऑन ई३-१२३० व्ही२ बहुतेकदा स्वस्त पडतो, मात्र त्यात ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागेल. ३७७० किंवा हा झिऑन घेणार असाल तर बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर सपोर्ट यादी बघा आणि बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करा. हे मात्र विसरू नका, नाहीतर स्क्रीन काळीच राहील.

बसवताना सॉकेटमधल्या पिनांना बोट लावू नका, एक वाकली तरी बोर्ड जाऊ शकतो. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी लावा.

आणि अजून एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान स्टोरेज) नसेल, तर आधी तीच घ्या.