कंटाळा तुला आलाय, गिऱ्हाइकाला नाही

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू पाठवलेली तिन्ही लेबलं पाहिली. "काका, यातलं कुठलं बरं वाटतंय?" एवढाच तुझा प्रश्न. तिन्ही देखणी आहेत, पुण्याच्या त्या एजन्सीतल्या पोरांचा हात चांगला आहे. पण दोन वर्षांत तुझ्या गुळाचं हे चौथं लेबल होणार, आणि ते का बदलायचं हे तुझ्या लांबलचक मेसेजात कुठंच सापडलं नाही. "जुनं वाटायला लागलंय" एवढंच आहे.

कुणाला? तू उठल्यापासून झोपेपर्यंत तेच लेबल बघतोस. खोक्यावर, टेम्पोच्या पाठीवर, मोबाइलमध्ये. डोंबिवलीची बाई किलोचा डबा नेते, तो तिला महिनाभर पुरतो. लेबल ती बघते ते दुकानाच्या फळीवरच्या दहा डब्यांत तुझा कुठला, हे ओळखण्यापुरतं. तिला आत्ता कुठं ओळख पटायला लागली असेल आणि तू तोंड बदलून उभा राहणार. कंटाळा तुला आलाय लेका, गिऱ्हाइकाला नाही.

पहिल्या लेबलावर तू "पारंपरिक" छापलंस. दुसऱ्यावर "सेंद्रिय". तिसऱ्यावर "प्रीमियम". आता हिरवं पान आलंय आणि खाली असं एक नाव, जे तुझ्या आईला उच्चारता येणार नाही. आत गूळ तोच, रस आटवायची काहील तीच, गूळ काढणारा गुळव्या तोच. मग दर सहा महिन्यांनी तू वेगळा माणूस असल्यासारखा का बोलतोस? पहिल्या लेबलावर चुलवाणाचं, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीचं, रेघांचं चित्र होतं, साध्या खाकी कागदावर एकाच काळपट तपकिरी शाईत, आणि खाली एक ओळ होती: भेंडीच्या रसात काढलेला गूळ. त्या एका ओळीत तुझा सगळा धंदा होता. रानभेंडी ठेचून तिचा चिकट रस काहिलीत घातला की मळी वर येते आणि ती काढता येते, हे तुझ्या आप्पांनी जन्मभर केलं. असलं सांगायला ज्याच्याकडे आहे त्यानं "प्रीमियम" कशाला लिहावं? तो शब्द बिस्किटापासून बनियनपर्यंत सगळ्यांवर आहे.

आपल्याच गावातलं सांगतो. 1929 साली इथं कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. ती काढणाऱ्यांतले दामले, फत्तेलाल ही सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेली माणसं, मुळात चित्रकार. कंपनीचं चिन्ह तुतारी फुंकणारी स्त्री. 1933 ला कंपनी पुण्याला गेली. गाव बदललं, मूकपट जाऊन बोलपट आले, विषय बदलले, भागीदारही बदलले. तुतारीवाली तीच राहिली. घरात इतके कसलेले चित्रकार असताना दरवर्षी नवं चिन्ह काढणं त्यांना काय जड होतं? नाही काढलं. कंपनी बंद पडून इतकी वर्षं झाली, स्टुडिओच्या जागेवर आज एफटीआयआय, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि तरी ती आकृती नुसत्या सावलीवरून ओळखणारी माणसं अजून आहेत. तू मात्र दोन वर्षांत थकलास.

बरं, बदलायचाच हात शिवशिवत असेल तर जे खरंच विस्कटलंय ते आधी नीट कर. तुझ्या नावातला "गुऱ्हाळ" डब्यावर बरोबर आहे, टेम्पोवर "गुर्हाळ" झालाय आणि बिलबुकावर "गुराळ". फॉन्ट बदलला की तो ऱ्ह मोडतो, हे मी माझ्या प्रेसमधल्या पोरांना रोज सांगतो. नाव एकदा चांगल्या हाताकडून लिहून घे, अक्षरांचं चित्र करून ठेव, आणि पुढं कुणालाही ते नव्यानं टाइप करू देऊ नकोस. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो छापायला पाठवायचा नाही, मूळ फाइल पाठवायची.

रंगाचंही तसंच. मागच्या खेपेला खोकी दुसरीकडून स्वस्तात केलीस ना? तो तपकिरी बघ आणि माझा बघ. तोच रंग खाकी कागदावर एक दिसतो, आर्ट पेपरवर दुसरा, लॅमिनेशन चढवलं की तिसराच. चार रंगांच्या छपाईत असला तपकिरी दर खेपेला थोडा सरकतो, म्हणून मी तुझी शाई वजनावर मिसळून घेत होतो. पास झालेला कागद सही करून ठेवायचा, तोही बंद ड्रॉवरमध्ये, उजेडात ठेवला तर त्याचाच रंग उडतो. पुढच्या खेपेला मशिनवर पहिला ताव निघाला की त्याच्या शेजारी धरायचा. यात कसलीही कलाकारी नाही. ब्रँड ब्रँड म्हणून तुम्ही पोरं जे म्हणता, त्यातलं निम्मं काम हे असलं रटाळ आहे, आणि ते रटाळ आहे म्हणूनच कुणी करत नाही.

आता खरी गोष्ट. मेसेजच्या शेवटी तू जाता जाता लिहिलंयस, की वाशीचा व्यापारी म्हणतो गूळ जरा पिवळा करा. लेबलाचा रंग विचारायला तीन चित्रं पाठवलीस आणि गुळाचा रंग एका ओळीत उरकलास! हायड्रॉस, ती रंग उजळवायची रासायनिक पावडर, टाकला की गूळ पिवळाधमक निघतो, हे तुला मी सांगायला नको. तो टाकून वर "भेंडीच्या रसात काढलेला" असं छापलंस, तर मग लेबल कुठलंही लाव, मला विचारू नकोस.

दर काहिलीला रंग वेगळा येतो, ही तुझी अडचण मला कळते. को 92005 जातीच्या उसाचा गूळ वेगळा, 86032 चा वेगळा. नदीकाठचा ऊस वेगळा, माळाचा वेगळा. डिसेंबरात निघालेला आणि एप्रिलात निघालेला तर शेजारी ठेवू नयेत. पावसाळ्यात ठेवलेला आणखी काळवंडतो. मग हे लपवतोस कशाला? लेबलात एक कोरी चौकट सोड, त्यात काहिलीची तारीख आणि उसाची जात शिक्क्यानं मार. खाली एकदाच छाप, की हंगामाप्रमाणं रंग कमीजास्त होतो. जे बदलतं ते त्या चौकटीत. चौकटीबाहेरचं काही हलवायचं नाही, दहा वर्षं तरी नाही. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईकच विचारायला लागेल, "डिसेंबरचा आहे का?"

वाशीवाला सोडून जाईल, हे खरं. जाऊ दे म्हणणं मला सोपं आहे, हप्ता तुला भरायचाय, हेही कळतं. पण मी फुकटचं बोलत नाही. माझ्याकडे एक व्यापारी "अस्सल कोल्हापुरी गूळ" अशी लेबलं छापायला आला होता. माल बाहेरचा, हे त्यानंच हसत हसत सांगितलं. काम मोठं होतं, मी नाही म्हणालो. धाकटा भाऊ तेव्हा भागीदार होता. त्याचं म्हणणं, आपण छापणारे, आत काय भरतात ते आपण कशाला बघायचं? त्यावरून वाढत गेलं. एक मशिन घेऊन तो वेगळा झाला. आता आम्ही लग्नकार्यात भेटतो आणि तब्येतीचं विचारतो. भाऊ दुरावला याची टोचणी आहे, ती जायची नाही. पण ते लेबल छापलं नाही याची नाही. घरातले म्हणतात हेकटपणा. असेल. ज्या दारावर माझ्या वडिलांनी हातानं रंगवलेली पाटी आहे, तिथून खोटं लेबल बाहेर जाणार नव्हतं, मग कुणी हेकट म्हणो की आणखी काही. ती पाटी काढून एलईडीची लावा म्हणून मुलगाही मागं लागलाय. त्यालाही हेच सांगितलंय, कंटाळा तुला आलाय.

आणि "कोल्हापुरी" या शब्दावर फार विसंबू नकोस. तो सगळ्यांचा आहे. देशभर हॉटेलांत "व्हेज कोल्हापुरी" मिळते, आपल्यातल्या कुणी ती कधी घरी केल्याचं मी ऐकलेलं नाही. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ते सगळ्या उत्पादकांचं, एकट्याचं नव्हे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद कर आणि मग ते डब्यावर लाव. पण ओळख म्हणून तुझं स्वतःचं नाव आणि ते चुलवाण ट्रेडमार्कला घाल. गूळ वर्ग 30 मध्ये येतो. ऑनलाइन अर्जाला स्वतःच्या नावानं किंवा लघुउद्योग म्हणून 4500 रुपये सरकारी फी आहे, नोंद दहा वर्षांची, पुढं नूतनीकरण. एजन्सीला चौथ्या लेबलाचे किती देणार होतास, ते तूच आठव.

नोंदलेलं चित्र एक आणि डब्यावरचं दुसरं, असं झालं तर भांडायची वेळ आल्यावर वकील कपाळाला हात लावेल. म्हणूनही म्हणतो, बदलू नकोस.

पहिल्या लेबलाची फाइल आणि सही केलेला कागद दोन्ही माझ्याकडे जपून आहेत. हंगाम सुरू व्हायच्या आत चौकटीसकट नमुना काढून देतो, खाकी कागद पुरेसा शिल्लक आहे. ते हिरव्या पानाचंच करायचं ठरवलंस तर तुझी मर्जी, पण ते माझ्या मशिनवर चढणार नाही. उद्यमनगरात प्रेस पुष्कळ आहेत.

आप्पांना नमस्कार सांग. मागच्या खोक्यांचं बिल त्यांच्याकडून मागू नकोस, तुझं तू भर.

तुझा,
काका