पारायणाला बसण्याआधी

पोरी,

परवा जिन्यात भेटलीस तेव्हा घाईघाईत सांगून गेलीस, "काका, मी परत तेच बघतेय, चौथ्यांदा. आणि लिस्टमधल्या साठ सिरीज तशाच पडल्यात." तेच म्हणजे तुझं अ‍ॅनिमे, जपानी कार्टून मालिका. सूर असा, की डब्यातले लाडू चोरून खाल्लेत. मी तेव्हा हसलो. रात्री वाटलं, यावर नीट बोलायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस, म्हणून हा कागद.

आधी ती लाज काढून टाक. तेच ते पुन्हा घेऊन बसण्याला आपल्याकडे आयता शब्द आहे, पारायण. कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यानाचा शेवट घरून निघतानाच ठाऊक असतो. संगीत नाटकात 'वन्स मोअर' ओरडणाऱ्याला पदाचे शब्द कळले नव्हते असं थोडंच आहे? स्पॉयलरची एवढी धास्ती आपल्या आजी-आजोबांना कळलीच नसती.

आता अ‍ॅनिमेबद्दल. पहिल्यांदा बघताना तू खरं तर बघत नसतेस, वाचत असतेस. जपानी आवाज आणि खाली इंग्रजी ओळी, त्यामुळे डोळे पडद्याच्या तळाला चिकटलेले. वरच्या बाजूला कुणीतरी महिनाभर खपून रंगवलेलं आभाळ असतं, ते कोपऱ्यातून जातं. दुसऱ्या वेळी संवाद बऱ्यापैकी लक्षात असतात आणि नजर वर जायला मोकळी होते. मी काही मालिका तीन-तीनदा बघितल्यावर मला त्यातल्या खोल्यांना खिडक्या आहेत हे कळलं!

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. अ‍ॅनिमे ही काटकसरीची कला आहे, आणि काटकसर पहिल्या खेपेला दिसत नाही. चांगल्या गृहिणीच्या घरी पाहुण्याला कुठे हात आखडला ते कळतं का? रोज जेवणाऱ्याला कळतं.

हिशेब सोपा आहे. एका सेकंदाला चोवीस फ्रेम. प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र काढायचं तर सेकंदाला चोवीस चित्रं. तेच चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेवलं तर आठांत भागतं. १ जानेवारी १९६३ ला फुजी टीव्हीवर ओसामू तेझुकांची 'तेत्सुवान आतोमु' सुरू झाली, जगाला जी 'अ‍ॅस्ट्रो बॉय' म्हणून माहीत आहे. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा एपिसोड, पैसा कमी, माणसं कमी. मग फक्त ओठ हलवायचे, बाकी चेहरा स्थिर ठेवायचा. उडण्याचं एकदा काढलेलं चित्र जपून ठेवायचं आणि दहा ठिकाणी वापरायचं. कमी चित्रांत भागवायचं हे तंत्र अमेरिकेत आधीपासून होतं. तेझुकांच्या स्टुडिओने त्यावर दर आठवड्याचा संसार चालवून दाखवला, आणि पुढचे सगळे त्याच चुलीवर शिजवायला शिकले.

या अडचणीतून चमत्कार कसा होतो ते 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन'मध्ये बघ. तू पाहिली आहेस म्हणून मोकळेपणाने लिहितो. ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६, २६ एपिसोड, दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. बाविसाव्या एपिसोडमध्ये आसुका आणि रेई लिफ्टमध्ये उभ्या असतात. जवळपास पन्नास सेकंद चित्र हलत नाही. लिफ्टचा टकटक आवाज तेवढा येत राहतो. चोविसाव्यात तर राक्षसी यंत्राच्या मुठीत एक मुलगा धरलेला, मागे बीथोव्हनची नववी सिंफनी, आणि पुन्हा मिनिटभर सगळं गोठलेलं. चित्रं वाचवली, यात वाद नाही. पण वाचवण्यासाठी जागा कुठली निवडली ते बघ. दोन मुलींना एकमेकींशी एक शब्द बोलवत नाही, तिथे.

मी ही मालिका २००३ मध्ये होस्टेलवर बघितली, एका मित्राने जाळलेल्या सीड्यांवर. (सीडी 'जाळायची' म्हणजे काय ते आईला विचार.) शेवटच्या दोन एपिसोडमध्ये कच्ची रेखाटनं, स्थिर चित्रं, पडद्यावर नुसती अक्षरं दिसायला लागली तेव्हा माझी खात्री झाली की कॉपी खराब आहे. त्याच्या खोलीवर जाऊन भांडलो. त्याने दुसरी सीडी दिली, तीही तशीच. मग रागाने मी मालिकाच टाकून दिली, ती सहा वर्षांनी पुन्हा हातात घेतली. शेवट मला आजही पूर्ण पटतो असं नाही. पण त्या दुसऱ्या खेपेला लिफ्टचा प्रसंग आला आणि मी श्वास रोखून बसलो. पहिल्यांदा बघताना तिथे मी काय करत होतो, बहुतेक शेंगदाणे सोलत होतो.

म्हणूनच तुझ्या त्या दीडपट वेगाने बघण्यावर माझा राग आहे. अ‍ॅनिमेत कुठलं चित्र किती फ्रेम धरायचं हे टाइम शीटवर मोजून लिहिलेलं असतं. ते पन्नास सेकंद तू दीडपटीने बघितलेस तर तेहेतीस होतात, आणि तेहेतीस सेकंदांत त्या लिफ्टमध्ये कोंडल्यासारखं होत नाही. ओपनिंग, म्हणजे सुरुवातीचं शीर्षकगीत, तेही गाळू नकोस. नव्वद सेकंदच असतात. पहिल्या वेळी ते नुसतं गाणं असतं. दुसऱ्या वेळी कळतं की अर्धी गोष्ट तिथेच उघड्यावर मांडून ठेवली होती.

मोठ्या आकड्यांच्या मोहात मात्र पडू नकोस. 'वन पीस' १९९९ पासून चालू आहे, अकराशेच्या वर एपिसोड झाले. चोवीस मिनिटांचा एक धरला तरी चारशे चाळीस तास. त्याचं पारायण करायचं तर नोकरी सोडावी लागेल, आणि तुला अजून लागलेली नाही. आवडता आर्क, म्हणजे गोष्टीचा एक सलग टप्पा, काढून तेवढाच बघ. ज्या मालिकेत 'खुनी कोण' याशिवाय काही नाही तिच्याकडे परत जाऊ नकोस, रिकामं घर बघून वाईट वाटतं. आणि संपल्या संपल्या पुन्हा सुरू करू नकोस. थोडी विसरू दे. तुझं चौथं पारायण दोन महिन्यांतलं आहे असं तुझ्या आईकडून कळलं. ते बघणं नव्हे, ते तोंडातली गोळी चघळत राहणं आहे. सबमिशन जवळ आलं की तू तेच करतेस असाही माझा संशय आहे, पण तो विषय जिन्यात बोलू.

पारायणाचा कंटाळा काय चीज आहे हे एका स्टुडिओने एकदा प्रेक्षकांना पुरेपूर चाखवलं. २००९ मध्ये 'हारुही सुझुमिया' या मालिकेचे 'एंडलेस एट' नावाचे आठ एपिसोड सलग आठ आठवडे आले. गोष्ट तीच. १७ ते ३१ ऑगस्ट, सुट्टीचे तेच पंधरा दिवस, तोच पोहण्याचा तलाव, तीच अर्धवट राहिलेली शाळेची कामं. चित्रं मात्र दर वेळी नव्याने काढलेली, आवाज नव्याने रेकॉर्ड केलेले, कपडे बदललेले. लोक खवळले. पण त्या गोष्टीत हे पंधरा दिवस १५,५३२ वेळा घडतात, आणि सगळं लक्षात असतं ते त्यातल्या एकट्या नागातो नावाच्या मुलीला. आपण आठ आठवड्यांत रडकुंडीला येतो, ती पाचशेहून जास्त वर्षं गप्प बसून असते. त्याच्या पुढच्या वर्षी आलेल्या चित्रपटात ती जे करते ते मला पटलं, याचं कारण ते आठ आठवडे. तरीही सांगतो, हे एकदाच बघ. त्यांनी तुझ्या वाटचं पारायण आधीच करून ठेवलंय.

'फ्रीरेन' तुला आवडली हे मला माहीत आहे. पण एक लक्षात आलं का? ती मालिकाच दुसऱ्यांदा चालण्याची आहे. राक्षसराजा मरून दहा वर्षांचा प्रवास संपतो तिथून ती सुरू होते. हजार वर्षं जगलेल्या बाईला दहा वर्षं म्हणजे चिमूटभर, म्हणून तिच्या त्या प्रवासातला सोबती हिम्मेल जिवंत असताना तिने त्याला ओळखून घेतलं नाही. नंतर पुन्हा त्याच वाटेने उत्तरेकडे जाताना गावोगावी त्याचा एकेक तुकडा हाती लागतो. आपल्याला हिम्मेल आवडतो तो याच दुसऱ्या चालीतून. पहिला प्रवास सरळ दाखवला असता तर तो पोकळ बढाईखोर वाटला असता, असं माझं मत. तुझं वेगळं असेल तर भांडायला ये.

मी स्वतः अ‍ॅनिमे बघतोय हे मला लहानपणी ठाऊकच नव्हतं. रविवारी दूरदर्शनवर मोगली लागायचा, गुलजारांचं शीर्षकगीत आख्ख्या चाळीतून ऐकू यायचं. ती निप्पॉन अ‍ॅनिमेशनची १९८९ ची जपानी मालिका होती हे कॉलेजात कळलं, तेव्हा फसवल्यासारखं वाटलं आणि आनंदही झाला.

शेवटी 'ह्योका', जी तू दोन एपिसोडनंतर "काही घडतच नाही" म्हणून सोडली होतीस आणि माझ्या आग्रहाने पुरी केलीस. २०१२, क्योटो अ‍ॅनिमेशन, २२ एपिसोड. हा स्टुडिओ चित्रांत हात आखडत नाही, केसाची बट हलली तरी नीट हलते. काटकसर करतो तो नायक. करायला नको ते करायचं नाही, करावंच लागलं तर पटकन उरकायचं, हे त्याचं ब्रीद. शेवटच्या एपिसोडमध्ये संध्याकाळी चेरीच्या पाकळ्यांत त्याला नायिकेला काहीतरी सांगायचं असतं. तो बोलतो, ती लाजते, वारा सुटतो, आणि मग कळतं की हे फक्त त्याच्या मनात झालं. प्रत्यक्षात तो म्हणतो, थंडी पडायला लागली. आणि ती म्हणते, नाही, वसंत आलाय. तू म्हणालीस, "भित्रा आहे नुसता." पहिल्यांदा मीही तेच म्हणालो होतो.

दिग्दर्शक यासुहिरो ताकेमोतो १८ जुलै २०१९ ला स्टुडिओत झालेल्या आगीत गेले. त्या आगीत त्या स्टुडिओतली एकूण छत्तीस माणसं गेली. त्यानंतर मी ती मालिका पुन्हा लावली तेव्हा गोष्टीकडे माझं लक्षच लागलं नाही. बटा, पडदे, चहाची वाफ, हे कुणाकुणाच्या हातचं असेल, एवढंच शोधत राहिलो. शेवटी श्रेयनामावली थांबवून एकेक नाव वाचलं. जपानी येत नाही, अक्षरं ओळखून, अर्धा तास लागला.

तू नावं कधी वाचत नाहीस. पुढचा एपिसोड आपोआप सुरू होतो ना, ते सेटिंग बंद कर.

रविवारी दुपारी ये. 'ह्योका'चा बाविसावा लावू, साध्या वेगाने, सबटायटल बंद ठेवून. कुठे काय वाचवलंय ते तू मला सांगायचं. काकू थालीपीठ करणार आहे, पण ते एपिसोड संपल्यावर.

तुझा,
तिसऱ्या मजल्यावरचा काका