शिक्का मोठा, कागद चुकीचा

नांदेडच्या दादांनी विचारलंय: वय ४८, बीपीची गोळी चालू, थायलंडच्या को ताओ बेटावर जाऊन 'सट्टाकुट' या बुडालेल्या जहाजावर स्कूबा करायचंय, सेंटरने तीन पानी वैद्यकीय फॉर्म पाठवलाय, सही कुणाची घेऊ? वाचलं आणि परभणीतले माझे हेलपाटे आठवले.

पासपोर्ट, पोहणं वगैरे सोडून देतो. मी फॉर्म नीट वाचलाच नव्हता. 'फिटनेस सर्टिफिकेट' एवढाच शब्द धरून एका कार्यालयाच्या खिडकीशी उभा राहिलो. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी शिक्का कपाटात, किल्ली साहेबांकडे. तिसऱ्या दिवशी बाबू म्हणतो, "काका, या वयात नोकरीला लागताय का?" शेवटी मिळालं: 'सदर इसम शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे.' गोल निळा शिक्का, अर्धा सहीवर, अर्धा टेबलावर. बीपी कुणी मोजलाच नाही.

को ताओच्या काउंटरवरच्या पोरीने तो मराठी कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि फॉर्मचं डॉक्टरच्या सहीचं तिसरं पान मागितलं. फॉर्मच्या १० प्रश्नांत ४५ च्या पुढचं वय विचारतात. नुसत्या वयाने अडत नाही, पण पुढच्या चौकटीत बीपीला 'हो' म्हटलं की डॉक्टरची सही लागतेच. तिथल्याच दवाखान्यात पळालो, तर संतापाने बीपी १६०. नाही म्हणाले. मित्र खाली जहाज बघून आले, मी बोटीवर त्यांच्या चपला राखत बसलो.

तेव्हा खिडकीचा नादच सोडा. तुमची गोळी ज्यांच्याकडे चालू आहे त्या फिजिशियनपुढे तिन्ही पानं ठेवा आणि "३० मीटर खाली जायचंय" हे स्पष्ट सांगा. ते नको म्हणाले तर नको. मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पण 'सगळीकडे नाही लिहा' सांगणारे भेटतील, त्यांचं उगं ऐकू नका. त्यांना कुठं खाली जायचंय?

आणि अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सही करा. २०११ साली मुद्दाम बुडवलेलं हे जहाज साधारण १८ ते ३० मीटरवर आहे, नुसत्या ओपन वॉटरची, म्हणजे पहिल्या कोर्सची, हद्द १८ वरच संपते. तळाशी दाब वरच्या चौपट, सिलिंडरमधली हवाही तशीच भराभरा संपते. दुसऱ्या वर्षी मी गेलो. विहिरीत सूर मारून कानात दडे बसवून घेणारा माणूस, नाक दाबत दाबत हळूहळू उतरलो. जहाजाची तोफ समोर आली तेव्हा तिच्यावर हात ठेवायचा मोह आवरला, शिंपल्यांनी बोटं कापतात.

परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास सोडूनच घ्या. फॉर्मच्या दोन झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेवा, माझी एक प्रत फेरीबोटीत भिजली होती.