जेवलीस का, एवढंच तर विचारतात

या वेळी टपालात आणि व्हॉट्सॲपवर कोरियन सिरीयलबद्दल इतकं काही आलंय, जळगाव-धुळ्यापासून पार नंदुरबारपर्यंत, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज एवढाच विषय.

प्रश्न: ताई, मी ४७ वर्षांची, अमळनेर तालुक्यातली. मुलगी पुण्याला जॉबला गेली तेव्हा जाताना मोबाईलमध्ये एक कोरियन सिरीयल लावून गेली, मम्मी दुपारची एकटी असते म्हणून. आता रोज भांडी-कपडे आटोपले की दार लोटून घेते आणि बघत बसते. परवा इतकी रडले की शेजारची आक्का काय झालं म्हणून विचारायला आली. माझी आई गेली तेव्हासुद्धा एवढी रडले नव्हते, तेव्हा पाहुणे, दहावा, तेरावा, सगळ्यांचा स्वैपाक यातच होते. मुलगा म्हणतो मम्मी आपण डॉक्टरकडे जाऊ. मला खरंच काही झालंय का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय असं वाटलं. आई गेली तेव्हा तुम्ही स्वैपाक करत होत्या. ते रडणं राहून गेलं होतं, आता दुपारी दार लोटल्यावर त्याला जागा मिळाली एवढंच. मुलाला सांगा की काळजी केलीस बरं वाटलं, पण सिरीयल बंद असताना पण पंधरा-वीस दिवस सलग झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं झालं तर जरूर डॉक्टरांकडे जाऊ. नुसतं रडू येतं याला आजार म्हणत नाहीत.

आता या सिरीयलीच का रडवतात ते सांगते, कारण मी पण बघते आणि मी पण रडलेय. यांच्या सिरीयली बहुतेक सोळा-वीस भागांत संपतात, गोष्ट कुठे जाणार हे लिहिणाऱ्याला माहिती असतं, त्यामुळे घाई नसते. आपल्याकडे एक थप्पड पडली की तीन बाजूंनी तीनदा दाखवतात आणि वर ढँण करून म्युझिक. तिथे बाई नुसती ताटासमोर बसलेली असते, घास उचलते, खाली ठेवते, कॅमेरा तिच्या तोंडावरून हलत नाही, कोणी काही बोलत नाही, मग हळूच तेच गाणं लागतं जे तिसऱ्या भागात तिच्या आईसोबत लागलं होतं, आणि आपण गेलो. तेवढ्या शांततेत बघणाऱ्याला आपलं माणूस आठवायला वेळ मिळतो, आणि माझ्या मते खरं काम तिथे होतं, गोष्टीत नाही.

दुसरं म्हणजे तिथे प्रेम बोलून दाखवत नाहीत, खाऊ घालतात. जेवलीस का, हा तिथला रोजचा प्रश्न आहे, फोन उचलला की तेच, भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी तेच. आपल्या खान्देशात तरी वेगळं काय आहे? माझी आजी आयुष्यात कोणाला 'माझा तुझ्यावर जीव आहे' म्हणाली नसेल, 'जेवनी का माय?' एवढंच विचारायची आणि उत्तर येईपर्यंत कळण्याची भाकरी ताटात पडलेली असायची. सोबत राहून राहून, एकमेकांचं खाऊन-पिऊन, भांडून जो जीव लागतो त्याला कोरियन लोक जोंग म्हणतात. आपल्याकडे माया म्हणतात. मला तरी दुसरा शब्द सापडला नाही.

मी बारावी करून पुण्याला निघाले तेव्हाचं आठवतं. आबा एसटी स्टँडवर सोडायला आले होते, एक शब्द बोलले नाहीत. गाडी लागली तशी माझ्या आधी आत चढले, माझ्या सीटवरची धूळ खांद्यावरच्या उपरण्याने पुसली, खिडकीची काच ओढून बघितली लागते का ते, आणि उतरून गेले. खिडकीखाली पण थांबले नाहीत. मला तेव्हा राग आला होता. पंचवीस वर्षांनी एका कोरियन सिरीयलीतला बाप मुलीसाठी असंच काहीतरी न बोलता करताना बघितला आणि मला ते उपरणं दिसलं. आबा तेव्हा नव्हते.

तुम्ही कोणती बघताय ते लिहिलं नाही, पण २०२५ च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर आलेली जेजू बेटावरची सोळा भागांची सिरीयल असेल, इंग्रजीत 'व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरिन्स' म्हणतात ती, तर मग रडणं येणारच होतं. त्यात नायिकेची आई समुद्रात श्वास रोखून बुडी मारून शंख-शिंपल्या काढणारी असते, हेन्यो म्हणतात त्या बायकांना, आणि तिची एकच धडपड की मुलीने हे काम करू नये, आणि ती एकोणतिसाव्या वर्षी जाते. त्यातला एक प्रसंग मी विसरूच शकत नाही. सासरी पुरुषांचं ताट वेगळं मांडलेलं, बायका बाजूला दुसऱ्या ताटावर. नवरा, ग्वान-शिक, पुरुषांच्या ताटावर बसलेला असतो, तो बसल्या जागी वळतो, मोठ्यांकडे पाठ करतो आणि बायकोच्या ताटात जेवायला लागतो. भाषण नाही, भांडण नाही. आपल्या किती घरांत अजून बायका सगळ्यात शेवटी जेवतात, उरलंसुरलं खरवडून? त्या एका वळण्याने आपल्या पोटात का ढवळून येतं हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि त्या सिरीयलीचं मूळ कोरियन नाव जेजूच्या बोलीत आहे, 'फोक्साक सोगात्सुदा', म्हणजे फार कष्ट केलेत तुम्ही, असं. राजधानी सोलच्या माणसाला ते ऐकून 'पुरते फसलात' असं वाटतं, एवढी ती बोली वेगळी, आणि २०१० मध्ये युनेस्कोने ती नामशेष व्हायच्या काठावरच्या भाषांत धरलीय. आपली पोरं जळगावच्या कॉलेजात अहिराणी बोलायला लाजतात, आणि तिथे एवढ्या मोठ्या सिरीयलीचं नावच घरच्या बोलीत ठेवलं. मला फार बरं वाटलं ते.

आणखी एक, हे फक्त तुमच्याच बाबतीत होतंय असं मनात आणू नका. २००२ ची 'विंटर सोनाटा' ही कोरियन सिरीयल दुसऱ्या वर्षी जपानच्या एनएचके चॅनलवर लागली आणि सगळ्यात जास्त कोणाच्या मनात बसली तर चाळिशी-पन्नाशीच्या बायकांच्या. २००४ मध्ये तिचा हिरो बे योंग-जून टोकियोला उतरला तेव्हा विमानतळावर हजारो जणी उभ्या होत्या, आणि जिथे शूटिंग झालं त्या नामी बेटावर सहली जायला लागल्या. आयुष्यभर दुसऱ्यांचं बघणाऱ्या बायकांना कोणीतरी थांबून आपल्याकडे बघतंय असं वाटलं असणार. आता एक करा, पुढच्या वेळी रडू आलं की मुलीला फोन लावा आणि आजीबद्दल बोला, सिरीयलीबद्दल नाही.

प्रश्न: मी रावेर भागातला केळीवाला शेतकरी. मुलगी अकरावीला आहे, दिवसभर ओप्पा ओप्पा, वहीवर त्यांची अक्षरं काढते. आपले सण, आपली संस्कृती सोडून पोरं तिकडे का ओढली जातात? मोबाईल काढून घेऊ का?

उत्तर: भाऊ, काढून घेऊ नका, अभ्यासाची आणि झोपेची वेळ मात्र ठरवून द्या आणि त्यात ढिलाई नको, कारण एक भाग संपतो तो नेमका अशा जागी की पुढचा लावल्याशिवाय राहवत नाही.

ओप्पा म्हणजे दादा. मुलीने मोठ्या भावाला म्हणायचं. मुलगा मोठ्या भावाला ह्योंग म्हणतो, मुलगी मोठ्या बहिणीला ऑन्नी, वडिलांना आप्पा, आईला ऑम्मा. वर्षभराने मोठा असला तरी नुसत्या नावाने हाक मारायची नाही. आपल्यासारखंच तू-तुम्ही आहे त्यांच्यात, आपल्याहून जास्तच पायऱ्या आहेत, आणि दोन माणसं तुम्हीवरून तूवर येतात तो क्षण सिरीयलीत खूप मोठा असतो. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्हीकडे यू, त्यामुळे तो निसटतो, पण घरात अहो-जाहो ऐकून वाढलेल्या मराठी पोरीला आवाजावरून कळतो. म्हणजे ती जे ओळखतेय ते तुमच्याच घरातून शिकलेलं आहे.

सणांचं म्हणाल तर त्यांच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेला चुसोक असतो, सगळे गावी जातात, गाड्यांना ही गर्दी, पूर्वजांसमोर नवीन धान्याचा नैवेद्य मांडतात. आपली आखाजी आठवा, घागर भरून पितरांना जेवू घालायचं, लेकीबाळी माहेरी येतात. थंडी सुरू व्हायच्या आधी बायका एकत्र बसून थंडीभराचं किमची घालतात, तिखट-लसूण लावलेला कोबी, त्या एकत्र बसण्याला किमजांग म्हणतात आणि दक्षिण कोरियाच्या किमजांगला २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत घेतलं. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-पापड घालताना आळीतल्या बायका जमतात, एकीच्या घरचं आज, दुसरीच्या घरचं उद्या, तेच ना? पोरीला विचारा, किमचीवाला एपिसोड दाखव, आणि या उन्हाळ्यात तिला कुरडयांचा चीक हाटायला बसवा. मला वाटतं ती नाही म्हणणार नाही.

प्रश्न: धुळ्याहून लिहितोय, वय २८, एमआयडीसीत शिफ्टला जातो. लग्नाला दीड वर्ष झालं. बायको कोरियन हिरोंशी तुलना करते, म्हणते तुम्हाला काहीच फीलिंग नाहीत. खूप लागतं.

उत्तर: लागणारच भाऊ, तुलना कोणालाही लागते, आणि हे तू तिला शांतपणे सांग. ते हिरो खरे कोरियन नवरे नाहीत. यातल्या खूप सिरीयली बायका लिहितात, 'क्रॅश लँडिंग ऑन यू' लिहिणारी पार्क जी-उन बाईच आहे, तर असा नवरा हवा होता हे त्यांनी लिहिलंय. खरा देश बघ, श्रीमंत देशांत बाईच्या आणि पुरुषाच्या पगारात सगळ्यात जास्त फरक तिथे, आणि २०२३ मध्ये जन्मदर एका बाईमागे ०.७२ मूल एवढा खाली गेला, कामाचे तास आणि महागाई यात तिथल्या पोरींना लग्नच नको झालंय.

पण तिचं म्हणणं पण ऐक. त्या 'क्रॅश लँडिंग'मध्ये नायिकेने सुगंधी मेणबत्ती मागितलेली असते, हिरो सैन्यातला कॅप्टन, त्याला काही कळत नाही, तो साधी आणतो. नंतर ती बाजारात गर्दीत हरवते, आणि तो येतो तो सुगंधी मेणबत्ती पेटवून वर धरून, या वेळी बरोबर आणली म्हणून. दहा-वीस रुपयांची वस्तू. तिने मागे काय म्हटलं होतं ते त्याच्या लक्षात राहिलं, एवढंच तुझ्या बायकोला हवंय. नाइट शिफ्टवरून आल्यावर झोपायच्या आधी पाच मिनिटं तिच्याजवळ बस, मोबाईल लांब ठेवून.

प्रश्न: माझी आई ७० ची, शहादा तालुक्यात असते, वाचता येत नाही. मी बघताना बाजूला येऊन बसते आणि विचारत राहते. तिला कोणती दाखवू?

उत्तर: 'रिप्लाय १९८८' दाखवा. २०१५ ची आहे, सोलच्या एका गल्लीतली पाच घरं, त्यात प्रेमकथा आहे पण जीव गल्लीत आहे. पहिल्याच भागात संध्याकाळी एक आई पोराच्या हाती शेजारी भाजी पाठवते, शेजारीण रिकामं भांडं कसं पाठवणार म्हणून त्यात काहीतरी घालून देते, असं करत करत सगळी पोरं वाट्या घेऊन गल्लीत पळत असतात आणि शेवटी प्रत्येक घरात तेच सगळं वाढलेलं. आईंना यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही. त्याच भागात मधल्या मुलीचा वाढदिवस दरवर्षी मोठ्या बहिणीच्याच केकवर उरकतात, अंडं तिला नाही, कोंबडीची तंगडी तिला नाही, ती शेवटी फुटते, आणि रात्री बाप गल्लीत केक घेऊन थांबतो आणि तिची माफी मागतो.

सबटायटल तुम्ही वाचा आणि आईंना अहिराणीत सांगत जा, श्रावणात पोथी वाचताना एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात तसं. मध्येच त्या त्यांच्या वडिलांचं, भावंडांचं काही बोलायला लागल्या तर सिरीयल थांबवा, त्यांचं पूर्ण होऊ द्या, मग लावा.